टेकण

चौकशी समितीच्या अहवालाचा जो मसुदा माझ्यापुढे सहीसाठी ठेवण्यात आला, त्याचा निष्कर्ष असा होता: "सदर जिन्याच्या दोन्ही बाजूंस प्रमाणित उंचीचे कठडे उपलब्ध असतानाही मयत वृद्धेने त्यांचा आधार न घेता जिन्याच्या मध्यभागातून उतरणे पसंत केले. सबब, सदर मृत्यू मयत व्यक्तीच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे ओढवला असून, असे काही घडेल याची पूर्वकल्पना कोणासही असणे शक्य नव्हते."

कठडे होते, हे खरे. त्यांची उंची प्रमाणित होती, हेही खरे. मी स्वतः हात ठेवून पाहिला आहे. वृद्धा मधून उतरत होती, याबद्दलही दुमत नाही. खोटेपणा सुरू होतो तो 'सबब' या शब्दापासून. सरकारी लेखनात हा शब्द पुलासारखा वापरतात. अलीकडे वस्तुस्थिती, पलीकडे सोयीचा निष्कर्ष, आणि खाली किती खोल आहे हे कुणी वाकून पाहायचे नाही. मला समितीवर घेतले होते ते वाकून पाहण्यासाठीच, असा माझा समज होता. समितीचा समज वेगळा होता. सार्वजनिक जागांच्या अभ्यासात ज्याचे आयुष्य गेले आहे अशा एखाद्या पांढऱ्या केसांच्या प्राध्यापकाची सही खाली असली की अहवाल भारदस्त दिसतो, एवढीच माझ्याकडून अपेक्षा होती.

मी सही केली नाही. मसुदा घडी करून खिशात ठेवला आणि जिना पाहायला गेलो.

तो जिना वरच्या रस्त्याला खालच्या बाजारपेठेशी जोडतो. वर इस्पितळ, कोर्ट आणि बसचा थांबा. खाली शिंपी, छापखाने, भांड्यांची दुकाने. रुंदी एवढी की कुणी कपाट आडवे धरून नेले तरी इतरांना भिंतीला चिकटावे लागू नये. ज्यांनी तो बांधला त्यांच्या मनात फक्त वर-खाली करणारी माणसे होती. पण शहरात विनापरवाना, विनामोबदला आणि विनाकारण बसता येईल अशी जागा हळूहळू दुर्मिळ होत गेली, आणि मग लोकांनी ती जिन्यावर शोधली. इस्पितळात भेटीची वेळ होईपर्यंत थांबलेले नातेवाईक तिथे बसत. कोर्टात तारीख पुढे गेलेले पक्षकार बसत, आणि गंमत म्हणजे वादी आणि प्रतिवादी एकाच पायरीवर बसून एकाच न्यायाधीशाला शिव्या देत. छापखान्यातल्या मुली आणि माणसे जेवणाच्या सुट्टीत बसत. आणि किल्लीवाला तर कायमचाच. वरून चार-पाच पायऱ्या खाली, कानशींची पेटी आणि तेलाची डबी शेजारी ठेवून.

हे सारे बसायचे ते कडेला नव्हे, बरोबर मधोमध. बाहेरच्या माणसाला हे अडाणीपणाचे वाटे. त्यामागची व्यवस्था समजून घ्यायला मला बराच काळ गेला. चढणारे कठड्याकडून चढतात, कारण चढताना माणूस स्वतःला ओढत असतो आणि ओढायला लोखंड लागते. शिवाय भिंतीलगत पाण्याची पन्हळ. तिथे बसले तर कपडे ओले. म्हणून बसणाऱ्यांची तुटक रांग मधून खाली जाई आणि उतरणारे तिच्या कडेकडेने उतरत. ज्याला आधार लागे तो बसलेल्याच्या खांद्यावर हात टेके, पायरी उतरे, पुढच्याच्या खांद्यावर हात टेके. विचारायचे नाही. आभार मानायचे नाहीत. बसलेल्याने आपले बोलणे थांबवायचे नाही, हातातली भाकर खाली ठेवायची नाही. फक्त तेवढ्यापुरता खांदा ताठ धरायचा. आणि मागे वळून पाहायचे नाही. हा नियम सर्वांत कडक होता. माणूस वळला की खांदा सरकतो, आणि खांदा सरकला की वरचा माणूस खाली येतो.

याला जिन्यावर 'टेकण' म्हणत. "जरा टेकण हो की बाबा," असे नवख्याला दटावत. "आज मधे टेकणच नाही," अशी तक्रार करत, जणू महापालिकेने नळाला पाणी सोडले नाही. उभा माणूस हात सैल सोडतो तेव्हा तो हात जितक्या उंचीवर लोंबतो, जवळजवळ तितक्याच उंचीवर त्याच पायरीवर बसलेल्याचा खांदा असतो. हे कुणीही आखलेले नव्हते. माझ्या वाचनात नगररचनेवरचे जे शेकडो ग्रंथ आले, त्यांतल्या एकालाही हे सुचलेले नाही. आणि मला तो त्या ग्रंथांचा दोष न वाटता जिन्याचा मोठेपणा वाटत आला आहे.

मयत वृद्धा म्हणजे काजवाली आत्या. खालच्या शिंप्याच्या दुकानात ती काजे करी. नजर अधू झाली, समोरचे सगळे धुक्यात गेले, तरी काजे बोटांनी होत आणि पायऱ्या तळव्यांना दिसत. माणसे ती खांद्यावरून ओळखी.

"कोण हा? नुसती हाडंच लागतायत!"

"आत्या, हाडंच धरायची असतात," किल्लीवाला कानस चालवता चालवता म्हणे. "मांस धरलंत तर बायको भांडेल माझी."

"तुझी बायको? ती मला परवा म्हणाली, घेऊन जा एकदाचे, परत आणू नका."

"मग न्या की! काजं करायला तरी शिकेन."

"तू? तू सुईतसुद्धा किल्ली घालशील, मेल्या."

आणि ती पुढच्या खांद्याकडे जाई. रोज सकाळी. काळा कोट घातलेल्या एखाद्या तरुणाच्या खांद्यावर हात पडला की म्हणे, "वकीलसाहेब, आज हरणार दिसताय. खांदा आत्ताच पडलाय." तो तरुण हसे, पण वळत नसे.

मग जिन्याचे पुनरुज्जीवन झाले. हा शब्द त्यांचा. मेलेल्याला जिवंत करणे असा त्याचा अर्थ आहे, आणि जिना तर त्या दिवसापर्यंत चांगला धडधाकट होता. पत्रे ठोकून तो बंद करण्यात आला. आत छिन्न्या वाजत राहिल्या. काजवाली आत्या तेवढे महिने लांबच्या रस्त्याने, मुलगी चालवी त्या बसमधून कामाला जात होती. पत्रे निघाले तेव्हा आतून मधाच्या रंगाचा नवा दगड, चकचकीत कठडे आणि पायथ्याशी एक फलक निघाला: 'वाहता जिना, वाहते शहर'. एका स्थापत्यविषयक नियतकालिकाने मुखपृष्ठावर त्याचे छायाचित्र छापले. त्यात एकही माणूस नव्हता. ते छायाचित्र मी पाहिले होते आणि मला ते सुंदर वाटले होते, हे इथे नमूद करणे मला भाग आहे. सौंदर्याबद्दलचे माझे मत मी अद्याप बदललेले नाही, फक्त तो अंक मी आता पालथा ठेवतो.

जिना उघडला त्याच सकाळी ती पडली.

मी गेलो तेव्हा किल्लीवाला जिन्यावर नव्हता. खाली भांड्यांच्या दुकानाच्या कट्ट्यावर पेटी मांडून बसला होता, आणि पाठ जिन्याकडे केली होती.

"काय झालं, ते सांगाल?" मी विचारले.

"सांगून झालंय सगळं. समितीच्या माणसानं विचारलं, कठडा होता का? म्हटलं, होता. म्हणाला, झालं तर मग."

"मी कठड्याचं विचारत नाही."

त्याने कानस खाली ठेवली. 

"मी बसायला गेलो, सर, तर पुढे सरकलो. परत बसलो, परत सरकलो. वाटलं, पँट नवी आहे, तिचा दोष. शेजारी कोर्टातली टायपिस्ट बाई, तीही सरकतेय. एक म्हातारा पेशंटसाठी डबा घेऊन आलेला, त्याचा डबा पळाला खाली. आम्ही हसायला लागलो. घसरगुंडी केलीय म्हटलं, पोरांना आणा. मग एकेक जण उठून भिंतीला लागला. सगळे उभे. हसत होतो आम्ही, सर. तेव्हाच ती वरून आली, तरी आम्ही हसतच होतो."

"तिला कुणी सांगितलं नाही?"

"काय सांगायचं? आमच्या तरी डोक्यात कुठे आलं? दोन-चार पायऱ्या ती नुसत्या पायांनी उतरली. नीट उतरली. मग हात पुढे केला." त्याने आपला हात बाजूला, किंचित खाली, सैल सोडला. "असा. आपण आपल्या घरात दिव्याच्या बटणावर हात ठेवतो ना, न बघता, तसा. टाकला हात तिनं. आणि सगळा भार टाकला त्यावर. आणि तिथे..."

तो थांबला. दुकानदार आतून पातेली लावत होता, तोही थांबला.

"तिथे मी बसायचो," किल्लीवाला म्हणाला. "ओरडली नाही ती. तोंडावर भीती नव्हती, सर. नवल होतं. नुसतं नवल. म्हणजे जसं काही... हा कुठे गेला?"

 मी आयुष्यभर या एका हालचालीबद्दल बोलत आलो, व्याख्याने दिली, परदेशी पाहुण्यांना उभे करून दाखवली. ती रिकाम्या हवेत कशी दिसेल याचा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता. मसुद्यात या हालचालीला 'पसंत केले' असे म्हटले होते.

त्याच संध्याकाळी तिची मुलगी माझ्याकडे आली. ती शहर वाहतुकीची बस चालवते. गणवेशातच आली होती. खुर्चीच्या कडेवर बसली, पाणीही घेतले नाही.

"तुम्ही सही केलीत?"

"नाही."

"करणार?"

"तो निष्कर्ष तुम्हाला कुणी दाखवला?"

"ऑफिसात सगळेच दाखवतात, फक्त दाखवला असं कबूल करत नाहीत." तिने मान झटकली. "सर, मी बस चालवते. अपघाताचे अहवाल मला तोंडपाठ आहेत. मेलेला माणूस उलट बोलत नाही ना, म्हणून चूक त्याच्या पदरात टाकायची. सगळ्यांना सोपं पडतं. पण माझी आई निष्काळजी? अहो, एक काज वाकडं झालं म्हणून शर्ट उसवून परत शिवायला लावायची ती मालकाला! मालक तिला घाबरायचा! मला भरपाई नको. माफी नको. ते वाक्य तेवढं काढा."

"आणि नाही काढता आलं तर?"

"तर काय? ते छापून येईल. त्या जिन्याच्या वरच्या थांब्यावर मी रोज बस उभी करते. तुम्ही विसराल, सर. मी रोज वाचेन."

आश्वासन देणे माझ्या स्वभावात नाही. मी तिला एवढेच सांगितले की निष्कर्ष मान्य करण्यापूर्वी समितीने जागेवर जावे, असा आग्रह मी धरीन.

अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. वयाने माझ्याहून मोठे, वागण्याने अत्यंत सभ्य, आणि वाद मिटवण्याच्या कलेत इतके मुरलेले की वाद कशाचा होता हेही ते मिटवून टाकीत. त्यांनी माझी विनंती मान्य केली, कारण नाकारली असती तर चर्चा झाली असती. नवा जिना बांधणारा महापालिकेचा स्थपतीही आला. तो माझा जुना विद्यार्थी. इतके विद्यार्थी हाताखालून गेले की त्यांतल्या बहुतेकांची मला आता फक्त अक्षरे आठवतात. याचे अक्षर उत्तम होते. "सर, तब्येत सांभाळता ना?" असे म्हणून त्याने माझी पिशवी घेतली. किल्लीवाल्याला साक्षीदार म्हणून बोलावले होते. तो भिंतीशी, टोपी हातात धरून उभा राहिला.

मी नव्या पायरीवर बसलो. दिसायला ती सपाट होती. क्षणभर ठीक वाटले, मग शरीराने कुणाचीही परवानगी न घेता पुढे प्रवास सुरू केला. मी टाचा रोवल्या. टाचा रोवून फार वेळ बसता येत नाही. ते बसणे नसते, ते न पडणे असते. किल्लीवाल्याने न बोलता आपली तेलाची डबी पायरीवर ठेवली. डबी सावकाश सरकली, कडेपर्यंत आली आणि खालच्या पायरीवर टणकन पडली.

"हा उतार कशासाठी?" मी विचारले.

"पाण्यासाठी, सर," स्थपती म्हणाला. "निचरा. पाणी साचलं तर शेवाळ, शेवाळ आलं की घसरणं. उलट सुरक्षेसाठीच आहे तो."

"बरोबर आहे," अध्यक्ष म्हणाले. "पाणी जायला हवं."

"दाखवतो ना," असे म्हणून स्थपती एक पायरी खाली उतरला, आमच्याकडे पाठ करून उकिडवा बसला आणि पेनाच्या टोकाने दगडातल्या बारीक खाचा दाखवू लागला. अध्यक्ष त्या पाहण्यासाठी पुढे झाले. पाऊल उताराच्या कडेवर पडले, तोल गेला, आणि त्यांनी तेच केले जे कुणीही म्हातारा माणूस करतो: हात टाकला. तो स्थपतीच्या खांद्यावर पडला.

स्थपती दचकून मागे वळला.

खांदा निसटला. अध्यक्ष एका बाजूने तिरपे झाले, त्यांचा चष्मा पायऱ्यांवरून खडखडत गेला, आणि त्यांच्यामागून तेही गेले असते. किल्लीवाल्याने भिंत सोडून झेप घेतली आणि त्यांना काखेत धरले. तसेच धरून, धापा टाकत, तो स्थपतीकडे पाहत राहिला. आधी रागाने. मग त्याच्या चेहऱ्यावरचा राग ओसरला आणि त्याजागी जे आले ते मला आजही नीट सांगता येत नाही.

"अरे," तो म्हणाला. "अरे, हा तर वळ्या!"

 अध्यक्ष चष्म्याविना डोळे मिचकावत होते.

"कोण?" मी विचारले, पण विचारता विचारताच मला आठवले.

त्या काळी मी दरवर्षी विद्यार्थ्यांना एक सकाळ या जिन्यावर बसवीत असे. टिपणे काढायची नाहीत, नुसते बसायचे. एका वर्षी एक सुंदर अक्षराचा, गंभीर मुलगा मधोमध बसला होता. वरून आत्या आली, तिने त्याच्या खांद्यावर हात टेकला, आणि तो दचकून मागे वळला, आत्ता वळला तसाच. आत्या गेलीच होती. किल्लीवाल्याने आणि आणखी कुणी तिला झेलले. जिन्यावर एकच गिल्ला झाला. "आंधळा आहेस का रे?" "बसायला आलायस की बघायला?" "मास्तर, पोरांना आधी बसायला शिकवा, मग पुस्तकं!" आत्या मात्र हसत होती. त्याचा गाल चाचपून ती सगळ्यांदेखत म्हणाली, "अरे राजा, मला तुझा चेहरा नको दाखवूस. खांदा दाखव. चेहऱ्याला धरून उतरता येत नाही." सगळा जिना हसला. मुलगा कानापर्यंत लाल झाला होता. त्या दिवसापासून जिन्यावर जो कुणी मागे वळेल त्याला 'वळ्या' म्हणू लागले. ज्याच्यावरून नाव पडले त्याला सगळे विसरले. मीसुद्धा. फक्त तो स्वतः विसरलेला नव्हता.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मूर्खपणाची मला सवय आहे. माझ्या संशोधनाचा तो मुख्य विषय म्हटला तरी चालेल: ज्यांनी जागा कधी वापरली नाही अशा माणसांनी, ती वापरणाऱ्यांसाठी घेतलेले निर्णय. मी त्या जिन्यावर गेलो तो अज्ञान सापडेल या खात्रीने. अज्ञानाविरुद्ध माझ्यापाशी उत्तर होते. सगळ्या अभ्यासकांपाशी ते एकच असते, की यांना आधी ठाऊक असते तर असे झाले नसते. त्या क्षणी तेच माझ्या हातून गळून पडले. त्या साऱ्या महापालिकेत एकच माणूस असा होता ज्याला ठाऊक होते. आणि आराखडा त्यानेच काढला होता.

मी त्याच्याकडे पाहिले. तो पेनाचे टोपण लावत होता.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक कचेरीत झाली. अध्यक्षांच्या मनगटाला पट्टी होती. मुलगी मागच्या खुर्चीवर, गणवेशात, मांडीवर हात ठेवून बसली होती; तिला बसू द्यावे असे अध्यक्षांनी स्वतः सांगितले, आणि समितीच्या कारभारात ही पहिली अनियमितता होती. मसुदा मधे टेबलावर होता.

"माझा एकच प्रश्न आहे," मी स्थपतीला म्हणालो. "अहवालात म्हटलंय, पूर्वकल्पना कोणासही असणे शक्य नव्हते. या 'कोणासही'मध्ये तुम्ही येता का?"

"सर, हा प्रश्न..."

"येता का?"

"उत्तर द्यायलाच हवं असं बंधन नाही," अध्यक्ष सवयीने म्हणाले, आणि मग पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हाताने धरून, एकदम वेगळ्या आवाजात म्हणाले, "पण मला ऐकायचंय."

 मुलगी पुढे वाकली.

"तुम्ही माझ्या आईला ओळखत होता?" तिने विचारले. आवाजात आरोप नव्हता. तिला खरोखरच ते शक्य वाटत नव्हते. "नुसतं हो-नाही सांगा, दादा. ओळखत होता?"

तिने त्याला दादा म्हटले ते बसमधल्या प्रवाशाला म्हणतात तसे, काही न ठरवता. पण त्या शब्दाने काहीतरी झाले. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बोलू लागला. मला वाटले होते, तो कोसळेल, रडेल, निदान आवाज कापेल. तसे काहीच झाले नाही. एखाद्या सभेत आराखडा समजावून सांगावा तसे तो बोलला, आणि त्या नीटपणाने मी जितका हादरलो तितका त्यातल्या कशानेही नाही. लघुलेखिकेची पेन्सिल मधे एकदा थांबली. तिने अध्यक्षांकडे पाहिले. त्यांनी मानेने खूण केली, आणि ती पुढे लिहू लागली.

तो बोलून थांबल्यावर अध्यक्षांनी मसुदा पुढे ओढला आणि निष्कर्षातले ते वाक्य डाव्या हाताने, वेड्यावाकड्या रेघेने खोडले. मग त्यांनी मुलीकडे पाहिले.

"याच्या जागी काय लिहावं असं तुम्हाला वाटतं?"

"तुम्ही काही लिहू नका," ती म्हणाली.  "तो जे बोलला ते घाला. जसंच्या तसं. स्वच्छ करू नका."

त्याप्रमाणे करण्यात आले. लघुलेखिकेने घेतलेले त्याचे शब्द खाली देतो आहे. त्यांत एक स्वल्पविरामही माझा नाही.

"हो, ओळखत होतो. उतार पाण्यासाठी नव्हता. पाण्याला याच्या पावपटसुद्धा लागत नाही, हे सरांना माहीत आहे. उतार बसणाऱ्यांसाठी होता. माणूस बसतो, पुढे सरकतो, दोनतीनदा करून बघतो आणि आपणहून उठतो. पोलीस लागत नाही, पाटी लागत नाही, कुणाशी भांडावं लागत नाही. मला वरून एवढंच सांगितलं होतं की जिना मोकळा हवा. कसा, ते मी ठरवलं. टेकणाचं मला माहीत होतं. माझ्याइतकं चांगलं कुणाला माहीत असणार? माझ्याच खांद्यावरून ती पडता पडता वाचली होती आणि अख्खा जिना मला हसला होता. आराखडा काढताना तीच डोळ्यांसमोर होती, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, पहिल्या दिवशी ती हात पुढे करील, तिथे कुणी नसेल, ती पडेल, गुडघा फुटेल, फार तर हात मोडेल, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे कठडा धरायला लागतील. कुणीतरी पडल्याशिवाय लोकांची सवय मोडत नाही. एक जण पडणार हे मी धरूनच चाललो होतो. मरेल, हे धरलं नव्हतं. माझं तेवढं एकच चुकलं."